आपल्या काळ्या फत्तराचा ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या माथ्यावरचे तोंड आणि त्यातून उसळणारी आग हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. त्यामुळे येळ्ळूरचा राजहंसगड किंवा निपाणीकडच्या सपाट माथ्याच्या टेकड्या पाहून ‘हा थंडावलेला ज्वालामुखी तर नव्हे?’ असा प्रश्न बेळगाव परिसरात हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, कारण आपल्या भागातला काळा फत्तर खरोखरच लाव्हा थिजून तयार झाला आहे. उत्तर मात्र ‘नाही’ असेच द्यावे लागते. या टेकड्यांच्या माथ्यातून लाव्हा कधी बाहेर पडला नाही. आडव्या पसरलेल्या लाव्हाच्या थरांना पावसाने आणि नदीनाल्यांनी कोट्यवधी वर्षे झिजवल्यानंतर जे शिल्लक राहिले, ते आज टेकडी म्हणून उभे आहे. आपली जमीन घडवणारा ज्वालामुखी चित्रातल्या ज्वालामुखीहून वेगळ्या जातीचा होता, आणि ही जात समजून घ्यायची असेल, तर उद्रेकाउद्रेकांत फरक का पडतो इथूनच सुरुवात करायला हवी.

भूगर्भातल्या शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, स्वभाव मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) किती आहे आणि विरघळलेले वायू, विशेषतः पाण्याची वाफ, किती आहेत. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराच्या, शिलारसात सिलिकेचे प्रमाण सुमारे ५० टक्के असते, तो ११०० ते १२०० अंश सेल्सिअस इतका तप्त असतो आणि सहज वाहतो. सिलिका ७० टक्क्यांपर्यंत गेली की रस कमालीचा घट्ट होतो. आपल्याकडे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला पुढचे सांगायला नको: काहिलीतला पातळ रस उकळताना बुडबुडे सहज निसटतात, पण काकवीच्या पुढे पाक दाटला की तोच बुडबुडा अडकतो, फुगतो आणि फुटताना चटके देणारे शिंतोडे उडवतो. शिलारस वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो व वायू सुटे होऊ लागतात. पातळ रसातून ते निघून जातात. घट्ट रसात ते कोंडतात आणि अखेर सगळ्या रसाच्या ठिकऱ्या करून बाहेर पडतात. ज्वालामुखीची राख ही जळून झालेली राख नव्हे, ती अशा ठिकऱ्या उडालेल्या खडकाची आणि काचेची बारीक पूड असते.

जिथे पृथ्वीच्या कवचाचा एक भलामोठा तुकडा, म्हणजे भूपट्ट, दुसऱ्याखाली शिरतो, तिथे खाली जाणाऱ्या पट्टाबरोबर पाणीही खोल जाते. या पाण्यामुळे वरच्या तप्त खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि वायूंनी भरलेला शिलारस तयार होतो. इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपान आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा येथील उंच, देखणे शंकू याच प्रक्रियेतून उभे राहिले आहेत. राखेचे आणि लाव्हाचे थर आलटून पालटून साचत गेल्याने त्यांना मिश्र शंकू म्हणतात, आणि माणसाला सर्वाधिक धोका त्यांच्यापासूनच आहे. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताची उत्तर बाजू १८ मे १९८० रोजी भूकंपाने ढासळली, आतला दाब एकाएकी मोकळा झाला आणि स्फोट वर न जाता आडवा गेला. त्यात ५७ माणसे दगावली. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा महास्फोट जून १९९१ मध्ये झाला, परंतु शास्त्रज्ञांनी वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे हजारो लोकांना आधीच हलवता आले. त्याने वातावरणाच्या वरच्या थरात सोडलेल्या गंधकाच्या वायूमुळे पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरले होते.

अशा ठिकाणी वाहत्या लाव्हापेक्षा इतर गोष्टीच अधिक जीव घेतात, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरचे सेंट पिएर शहर १९०२ मध्ये तप्त वायू आणि राखेच्या लोंढ्याने काही मिनिटांत संपवले. सुमारे २८ हजार लोक मरण पावले. कोलंबियात १९८५ साली नेवादो देल रुइझचा उद्रेक तसा लहान होता, पण त्याने शिखरावरचे बर्फ वितळवले आणि चिखलाच्या लोंढ्याने आर्मेरो हे गाव रात्रीतून गाडले. त्या दुर्घटनेत वीस हजारांहून अधिक माणसे गेली. धोक्याचे नकाशे तयार असूनही ती गेली, ही गोष्ट मनाला फार लागते.

राखेचे शंकू यामानाने लहान. मेक्सिकोतील पारिकुतिन हा शंकू फेब्रुवारी १९४३ मध्ये एका मक्याच्या शेतात उगवला आणि १९५२ मध्ये कायमचा शांत झाला. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटावर आहे; दीड शतकाहून अधिक काळ निवांत राहिल्यानंतर तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला.

पातळ बेसाल्टचे उद्रेक अगदी निराळे. हवाई बेटांवरचा माउना लोआ हा ढालीसारख्या मंद उताराचा ज्वालामुखी आहे, कारण तिथला लाव्हा साचून राहण्याऐवजी दूरवर पसरतो. पण पातळ रसाला एका तोंडाचीही गरज नसते. जमीन ताणली जाऊन लांबच लांब भेग पडते आणि तिच्यातून लाव्हाचे कारंजे उडू लागतात. आइसलंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून ग्रिन्डाविक गावाजवळ अशाच भेगा वारंवार उघडत आल्या आहेत. त्याच देशात १७८३ मध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आठ महिने वाहत राहिली. लाव्हाखाली सापडून माणसे मेली नाहीत. गंधक आणि फ्लोरिनच्या वायूंनी गवत विषारी झाले, निम्म्याहून अधिक जनावरे मेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नाहीशी झाली.

आपल्याकडे जे घडले ते याच जातीचे, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त केंद्रावरून (खोलातून उष्ण खडक वर येतो अशा जागेवरून) सरकत असताना भेगांमधून एकावर एक लाव्हाचे थर पसरत गेले. दोन थरांच्या मधे कधी इतका काळ लोटला, की खालच्या थराची झीज होऊन त्याची तांबडी माती झाली आणि मग तिच्यावर नवा लाव्हा आला. या थरांचा आज उरलेला पसारा, म्हणजे डेक्कन ट्रॅप, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, आणि सह्याद्रीत त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. डायनासोर नाहीसे झाले ते याच सुमारास. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा आणि आपल्या उद्रेकांतल्या वायूंचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. ज्या तप्त केंद्राने आपला फत्तर दिला, ते विझलेले नाही. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार वाहतो.

बेळगाव जिल्हा या साऱ्या पसाऱ्याच्या दक्षिण काठावर आहे, म्हणूनच इथला भूगोल मला इतका मोलाचा वाटतो. निपाणी, चिकोडी, अथणी या भागांत काळी माती आणि तिच्याखाली बेसाल्ट. खानापूर-चंदगडकडे पावसाच्या माऱ्याने खडकातील सिलिका धुपून गेल्यावर लोह उरलेला तांबडा जांभा. आणि गोकाकला घटप्रभा जिच्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, ती कडा मात्र लाव्हाची नाही. ती त्याहून कितीतरी कोटी वर्षे जुन्या वालुकाश्माची आहे.

महामार्गाने जाताना घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा दिसला, तर सुरक्षित जागी थांबून तो खालून वर पाहावा. थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट व गडद असतो. तोच फत्तर क्रशरवर जातो आणि घराच्या पायात बसतो. वरच्या भागात लहान-मोठी भोके दिसतात. थिजत्या लाव्हातून बाहेर पडू न शकलेल्या वायूंच्या त्या जागा आहेत, आणि पुढे पाण्याबरोबर आलेल्या खनिजांनी त्यांतल्या अनेक पांढऱ्या गारगोट्यांनी भरून टाकल्या आहेत. भोकांच्या वर तांबड्या मातीचा पट्टा आणि त्यावर पुन्हा घट्ट फत्तर दिसला, तर एक प्रवाह संपून दुसरा सुरू झाला असे समजावे.