बंद आहे हो, बंद आहे!

सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे मुलुंड पूर्वेतल्या चारशेवर घरांत चहा झाला नाही. आदल्या रात्री साडेअकराला, नवघर रोडच्या आतल्या एका गल्लीत केबलसाठी खड्डा खणणाऱ्या जेसीबीने गॅसचा पिवळा पाइप फाडला होता. मी पोचलो तेव्हा खड्ड्यातला चिखल उकळत्या आमटीसारखा बुडबुडत होता आणि जेसीबीवाला पसार झाला होता. पाइप दोन्ही बाजूंनी शिकंज्यात चिमटून गॅस थांबवला, फाटका तुकडा कापून नवा जोडला, जोड थंड होईस्तोवर पावसात छत्र्या धरून उभे राहिलो. सकाळी सातला मेन लाइन तयार होती.

लोकांना वाटतं, झालं, आता सोडा गॅस. सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरी वाटच बघत होते. "साहेब, लाइट गेली तर अर्ध्या तासात आपोआप येते. तुमचं काय एवढं?"

लाइट आली की चालू राहिलेला बल्ब पेटतो, बस्स. शेगडीचं तसं नाही. गॅस गेला की ज्योत विझते, पण बटण उघडंच राहतं. परत गॅस आला की तो न पेटता नुसता घरात भरत जातो. हवेत ५ टक्क्यांच्या वर आणि १५ टक्क्यांच्या आत हा गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते. ती फ्रिजमधूनही उडू शकते. त्यामुळे गॅस सोडण्याआधी प्रत्येक घरातला कॉक, म्हणजे गॅसची तोटी, बंद आहे हे बघावं लागतं. ऐकून चालत नाही, बघावं लागतं. हे वाक्य मी नव्या पोरांना शिकवतो, म्हणून मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

इमारत सात मजली, मजल्यावर चार घरं. एकावर एक असलेल्या सात स्वयंपाकघरांना मिळून बाहेरच्या भिंतीवरून एक उभा पाइप जातो, त्याला आम्ही रायझर म्हणतो. म्हणजे चार रायझर, आणि एका रायझरवर सात घरं. त्यातलं एकही घर बघायचं राहिलं, तर बाकीच्या सहा घरांनाही गॅस देता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पहाटेच होतो. पाचला उठलेला माणूस लायटर मारतो, पेटत नाही. बटण बंद करतो, पाच मिनिटांनी पुन्हा फिरवतो, "आला का गं?" असं आत ओरडतो, पुन्हा बंद करतो. एरवी बटण बंद झालं की नाही हे हाताला कळत नसतं, ज्योत गेलेली डोळ्यांना दिसते म्हणून कळतं. ज्योतच नसली की फसायला होतं. आपल्याकडच्या शेगडीचं बटण आधी मोठ्यावर जातं आणि त्याच्याही पुढे फिरवलं की बारीक होतं. पार शेवटपर्यंत फिरवलं, अडकलं, म्हणजे बंद झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तो सिम असतो. इतक्या वर्षांत हे किती शेगड्यांवर पाहिलं त्याची मोजदाद नाही.

आम्ही दोघं होतो, मी आणि आमचा हेल्पर. पहिले दोन रायझर साडेनऊपर्यंत झाले. एका घरी तर जावईबापूंनी ठाण्याहून सिलिंडर आणून याच शेगडीला जोडायचा घाट घातला होता. पाइपच्या गॅसचा जेट, म्हणजे शेगडीत गॅस सोडणारं तोंड, मोठ्या भोकाचा असतो. त्यातून सिलिंडरचा गॅस सोडला की हातभर पिवळी ज्योत उठते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते. शिवाय हा पाइपमधला गॅस हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. सिलिंडरचा जड, तो फरशीवर पसरून बसतो. मी सिलिंडर जिन्यात ठेवायला लावला. जावईबापू रुसले.

तिसऱ्या रायझरवर तिसऱ्या मजल्याचं दार एका आजोबांनी उघडलं. अंगावर सोवळं, ओला पंचा, कपाळाला गंध. मागे पाटावर दर्भ, तीळ, पत्रावळी मांडलेली. माझ्या बुटांना रात्रीचा चिखल.

"आत येऊ नका हो, सोवळ्याचं आहे. मी स्वतः बंद केलंय सगळं. बाराच्या आत नैवेद्य दाखवायचाय, तेवढं बघा."

मी उंबऱ्यातच थांबलो. बूट काढून, पाय धुऊन जाता आलं असतं. पण आजोबा सुशिक्षित, वागायला नेमके, आणि त्यांच्या मागची ती पत्रावळ. माझ्या वडिलांचंही पान त्या दिवशी घरी मांडायचं होतं आणि मी इथे होतो. हातातल्या तक्त्यावर त्यांच्या घरापुढे बरोबरची खूण केली आणि वर गेलो.

पाचव्या मजल्यावर कुलूप.

मग सुरू झाला तमाशा. त्या रायझरवरच्या बाकीच्या सहा घरांनी मिळून त्या बंद घराच्या मालकाचा उद्धार केला. तो गृहस्थ पहाटेच्या गाडीने नाशिकला गेलेला. सेक्रेटरींनी फोन लावून माझ्या हातात दिला. "अहो, बंद करूनच निघालोय. सोडा तुम्ही गॅस, माझी परवानगी आहे." परवानगी त्यांची असली तरी मला ती चालत नव्हती. मी नाही म्हटलं. सातव्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, "माणूस स्वतः सांगतोय ना बंद केलंय म्हणून? विश्वास नाही का तुमचा?" मी बाणेदारपणे उत्तर दिलं, "ताई, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाचंच ऐकत नाही." तेव्हा तिसऱ्या मजल्याची आठवणही मला आली नाही.

पूर्वी शेजारी किल्ली ठेवायची पद्धत होती. आता शेजाऱ्याचा नंबरही ग्रुपमध्ये शोधावा लागतो. अकराला कुणाला तरी सुचलं की त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडे किल्ली असेल. मावशी समोरच्याच इमारतीत भांडी घासत होत्या. ओल्या हातांनीच आल्या, कुलूप उघडून दिलं. वर चार शब्द सुनावलेही, "मला विचारलं असतं तर नऊलाच आले नसते का?"

आत गेलो. शेगडीची दोन्ही बटणं बंद. शेगडीआधीचा कॉक बंद. मीटरजवळचा कॉकसुद्धा आडवा. त्या माणसाने घर असं बंद केलं होतं की आमच्या प्रशिक्षणात फोटो दाखवावा. सकाळपासून त्याला शिव्या घालणारे जिन्यातले सगळे एकदम गप्प झाले.

आता चाचणी. यात आधी गॅस सोडत नाही, हातपंपाने पाइपात हवा भरतो आणि काचेच्या यू-आकाराच्या नळीतलं पाणी बघत बसतो. घरच्या गॅसचा दाब असतो जेमतेम २१ मिलीबार, म्हणजे नळीत सुमारे २१ सेंटिमीटर पाण्याचा फरक. फुंकर म्हणावी एवढाच. खालचा व्हॉल्व्ह बंद करून तेवढं पाणी चढवलं आणि पंप थांबवला.

पाणी उतरायला लागलं. १८, १४, ९. डोळ्यांदेखत.

हेल्परने साबणाचं पाणी घेऊन खालचे जोड तपासले, कुठेच फुगा नाही. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. गळती असली तर इतक्या झपाट्याने पाणी उतरत नाही. कुठेतरी कुणाचं तरी बटण उघडं होतं. पोरगं तक्ता चाळत म्हणालं, "काका, सातही घरांपुढे खूण आहे." त्याचा आवाज अगदी साधा होता. मला मात्र कोणत्या घरी जायचंय ते त्याच क्षणी कळलं होतं. तीन मजले चढताना माझे पाय जड झाले होते.

या वेळी बूट जिन्यात काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आजोबांना म्हटलं, "मला पाय धुवायला पाणी द्या. आत यावंच लागेल." ते जरा चिडले, पण तांब्या दिला. ओट्यापाशी गेलो. मीटरचा कॉक उघडा, शेगडीचा उघडा. मागच्या बर्नरवर खिरीचं पातेलं आणि त्याचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं. सिमवर. कान लावला तर बर्नरमधून हवेची बारीक सुरसुर ऐकू येत होती.

मी बटण उलटं फिरवून बंद केलं. आजोबा बघत होते. त्यांनी स्वतः हात लावून पुन्हा फिरवून पाहिलं, पुढे, मागे. मग म्हणाले, "वास तरी आला असता ना मला?" आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, "नसता आला. करोना होऊन गेल्यापासून मला उदबत्तीचासुद्धा वास येत नाही."

नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा तो उग्र वास मुद्दाम मिसळतात. सगळी व्यवस्था माणसाच्या नाकावर भिस्त ठेवून केलेली आहे. पाइपात त्या वेळी हवा होती, गॅस नव्हता. तरी खाली उतरताना मी जिन्यात एकदा कठडा धरून थांबलो.

पुन्हा हवा भरली. पाणी २१ वर चढलं आणि तिथेच थांबलं. दहा मिनिटं आम्ही दोघं नळीकडे बघत बसलो, कुणी काही बोललं नाही. मग गॅस घेतला आणि सातव्या मजल्यावर खिडक्या उघडून पाइपातली हवा बाहेर काढली. त्यानंतर एकेका घरात बर्नर पेटवून दाखवत खाली आलो. ज्योत आधी फुरफुरते, मध्येच विझते, थोडी पिवळी नाचते आणि मग निळी होऊन स्थिर बसते. पाचव्या मजल्यावर मीटरचा कॉक बंदच ठेवून मावशींकडून पुन्हा कुलूप घालून घेतलं.

आजोबांच्या घरी पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. त्यांना स्वतःला पेटवायला लावलं आणि बंदही करायला लावलं, तीनदा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "शाळेत मुलांना असंच करायला लावायचो." खीर परत उकळायला ठेवली. नैवेद्याची वेळ टळली होती, त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. खिडकीच्या ग्रिलवर दोन कावळे आधीपासून येऊन बसले होते.

चौथा रायझर बाकी होता आणि पलीकडच्या तीन इमारती. जिन्यात बूट घालताना मी तक्ता मागून घेतला. तिसऱ्या मजल्यापुढची सकाळची खूण खोडली नाही. तिच्या शेजारी वेळ टाकून दुसरी केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : पहिल्या फेरीत आत गेलो नाही. संध्याकाळी कागद जमा करताना साहेबांनी तो रकाना वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कशाला लिहिलंस?" मी म्हटलं, झालं तसं लिहिलं. त्यांनी खाली सही केली.