काळा कोट, पांढरा कुर्ता आणि वाढते पोट

स्वतंत्र वकिली करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाची रजा नसते. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातील भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांपुरती १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली खरी, परंतु ती तरतूद नोकरदार स्त्रीसाठी आहे. जिला पगारच नाही तिला भरपगारी रजा देणार कोण? त्यामुळे माझ्या बाळंतपणाची तारीख जुलैमधली असूनही, कोर्टाची मे महिन्याची सुट्टी वगळता जूनच्या मध्यापर्यंत काम करायचे असे मी आरंभीच ठरवले. नागपूरच्या उन्हाळ्यात, वाढत्या पोटाने, वकिलाच्या गणवेशात दिवसभर वावरता येईल असे कपडे आणायचे कुठून, हा प्रश्न त्यापाठोपाठ आला. ते कपडे सुटसुटीत हवे होते, तसेच दिसायलाही चांगले हवे होते. गरोदर आहे म्हणून गबाळे दिसलेले चालते, हा आपल्याकडचा समज मला मुळीच मान्य नाही, आणि आपला वकील अवघडलेला दिसला की अशिलाचा धीर खचतो हेही मी पाहिलेले आहे.

प्रथम मी नियम पुन्हा वाचले. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने पोशाखाचे जे नियम केले आहेत, त्यांत स्त्रियांना बरीच मोकळीक आहे, हे रोज तोच कोट अंगावर चढवणाऱ्या आम्हा बायकांच्याही सहसा ध्यानात नसते. पांढरी, काळी किंवा कोणत्याही सौम्य रंगाची, नक्षी नसलेली साडी चालते. पांढरा किंवा काळा सलवार-कुर्ता ओढणीसह अथवा ओढणीशिवाय चालतो. लांब स्कर्टही चालतो. कोट पुढून उघडा असला तरी चालतो, म्हणजे त्याची बटणे पोटावर लागलीच पाहिजेत असे नाही. सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून अन्यत्र उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, आणि गाऊनही तिथे ऐच्छिक आहे. माझे बहुतेक काम जिल्हा न्यायालयात असले, तरी अधूनमधून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उभे राहावे लागत असल्यामुळे कोट आणि गाऊन यांतून माझी पूर्ण सुटका होणार नव्हती.

मग दुकाने पालथी घातली. सीताबर्डीच्या दुकानांत ‘मॅटर्निटी’ म्हटले की विक्रेत्या मुली हमखास घरात घालायच्या गाऊनच्या कप्प्याकडे नेतात. त्या गाऊनवर अस्वले, बाळाची पावले किंवा इंग्रजीत आई होणार असल्याची जाहीर घोषणा छापलेली असते, आणि रंग गुलाबी नाही तर आकाशी. घरात घालायला ते ठीक आहेत; परंतु बाहेर पडून काम करणारी बाईही गरोदर असू शकते, हे या धंद्याला अद्याप पुरतेसे पटलेले दिसत नाही. मॉलमध्ये देखणे कपडे होते, पण त्यांत ताणल्या जाणाऱ्या पॉलिस्टरचा भरणा अधिक. वातानुकूलित ट्रायल रूममध्ये ते छान वाटतात आणि बाहेर पार्किंगपर्यंत येईतो पाठीला चिकटतात. बिनछापाचा, साधा पांढरा कुर्ता मात्र कुठेच मिळाला नाही.

“मग दोन मापे मोठा घ्या ना, मॅडम,” हा सल्ला प्रत्येक दुकानात मिळाला. तो का निरुपयोगी आहे हे आरशासमोर उभे राहिले की लगेच कळते. गरोदरपणात छाती वाढते, बरगड्यांचा घेर थोडा वाढतो, पोट तर वाढतेच. परंतु खांदे होते तेवढेच राहतात. एक्सएक्सएलच्या कुर्त्यात खांद्याची शिवण दंडावर ओघळते, मुंढा ढगळ होऊन आतले कपडे दिसू लागतात, बाह्या कोपराखाली लोंबतात, आणि इतके होऊनही पोटावर तो पुरेसा सैल असतोच असे नाही. खास गरोदरपणासाठी कपडे करणाऱ्या बऱ्याच कंपन्या म्हणूनच नेहमीचेच माप मागवायला सांगतात. पोटासाठीची जागा त्यांनी कापणीत आधीच धरलेली असते. हे माप-तक्ते मी नीट वाचले, आणि माझ्या शोधाला खरी दिशा तिथून मिळाली. खांद्याला आणि छातीला नेमका बसणारा आणि त्याखाली पोटाला जागा देणारा कपडा मला हवा होता. तो विकत मिळत नसेल तर शिवून घेणे भाग होते.

कापडासाठी गांधीबागेत गेले. पांढऱ्या कापडाच्या इतक्या तऱ्हा असतात याची मला कल्पना नव्हती. पॉपलिन टिकाऊ, पण कडक; घेर दिला की ते अंगापासून दूर उभे राहते आणि बाई आहे त्याहून दुप्पट दिसते. रेयॉनला सुंदर सळ पडते, परंतु घामाने ते अंगाला बिलगते. मलमल उन्हाळ्यासाठी उत्तम, पण आरपार दिसते. लिननची शान मोठी, मात्र अर्धा तास बाकावर बसले की पोटाशी अशा सुरकुत्या पडतात की इस्त्रीचा खर्च वाया जातो. शेवटी मध्यम जाडीचे सुती कॅम्ब्रिक घेतले आणि वरच्या भागाच्या अस्तरासाठी थोडी मलमल घेतली. नेहमीच्या कुर्त्याला ४४ इंची पन्ह्याचे अडीच मीटर कापड मला पुरते. घेर आणि पुढची वाढीव उंची धरून दुकानदाराने तीन मीटरच्या वर घ्यायला लावले, आणि ते योग्यच होते. घरी आणून कापड रात्रभर पाण्यात भिजवले, वाळवले आणि मगच शिंप्याकडे दिले, कारण सुती कापड पहिल्या धुण्याला आटते आणि या कपड्यांत आटायला जागा नव्हती.

महाल भागातील आमचे शिंपी, मास्टर, जुन्या वळणाचे आहेत. बायकांची मापे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, घेतात, मास्टर पलीकडून आकडे लिहून घेतात. काकूंनी त्या दिवशी जे केले ते मी कोणत्याही दुकानात पाहिले नव्हते. त्यांनी टेप खांद्याच्या शिवणीवर धरला, छातीवरून आणि पोटाच्या उंचवट्यावरून खाली गुडघ्यापर्यंत आणला. मग तसाच पाठीवरून गुडघ्यापर्यंत घेतला. दोन्ही मापांत तेव्हाच दोन-अडीच बोटांचा फरक होता. “आता हा फरक वाढतच जाईल,” त्या म्हणाल्या, “म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात कुर्ता पुढून वर उचलला जातो अन् मागून लोंबतो. पुढचा भाग लांब कापू, अन् जास्तीची उंची बाजूच्या शिवणीत चुण्यांत घालू.” मग त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि बसल्या स्थितीतही पोटाचा घेर मोजला. माझा दिवस युक्तिवादापेक्षा पुकाऱ्याची वाट पाहत बाकावर बसण्यातच अधिक जातो, हे त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे!

पाचव्या महिन्याच्या सुमाराला गर्भाशय बेंबीच्या पातळीपर्यंत येते आणि नवव्या महिन्याच्या आरंभी ते थेट छातीच्या हाडापाशी टेकते, हे डॉक्टरांनी सांगितले होतेच. म्हणून कमरेवर काहीही आवळायचे नाही आणि कपड्याचा सगळा भार खांद्यांवर घ्यायचा, हे सूत्र मास्टरांनी आणि मी मिळून ठरवले. छातीखाली योकची, म्हणजे कुर्त्याच्या वरच्या वेगळ्या कापलेल्या भागाची, शिवण, तिच्याखाली मध्यभागी दाट आणि कडेला विरळ चुण्या, दोन्ही बाजूंना दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, आणि बाजूचे कट नेहमीपेक्षा थोडे खालून. चुण्या सगळीकडे सारख्या घातल्या की कुर्त्याला झबल्याची कळा येते. मध्येच घेतल्या की पोटाला जागा मिळते आणि बाजूने शरीराची रेषा टिकते. देखणेपणाचा प्रश्न खरे तर या एका शिवणीत सुटला. योकच्या दोन्ही कडांच्या उभ्या शिवणींत बारीक चेनही लपवून घेतल्या, म्हणजे पुढे बाळाला पाजायच्या काळात तेच कुर्ते उपयोगी पडावेत.

गळ्याचा प्रश्न फक्त वकिलांना पडणारा आहे. बँड, म्हणजे वकिलाच्या गळ्यातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या, लावायचा तर कॉलर हवी, आणि सहाव्या महिन्यानंतर बंद गळ्याने जीव घुसमटतो. मास्टरांनी उभी कॉलर ठेवून तिच्याखाली चार बोटांची चीर दिली. बँडच्या दोन पट्ट्या नेमक्या त्या चिरेवर येतात, त्यामुळे समोरच्याला गळा बंद दिसतो आणि आतून वारा लागतो. ही युक्ती मी कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, बाररूममध्ये, दाखवली, तेव्हा गरोदर नसलेल्या दोघीतिघींनीही तसेच कुर्ते शिवायला टाकले.

पांढऱ्या कपड्याखाली पांढरे अंतर्वस्त्र घालू नये, हेही काकूंनीच सांगितले. ते उलट उठून दिसते, त्वचेच्या रंगाचे घातले तर दिसत नाही. अंतर्वस्त्रांवर मी हात आखडता घेतला नाही. छातीचे माप दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा नवी, रुंद पट्ट्यांची, तारा नसलेली सुती अंतर्वस्त्रे घेतली. वरचा कुर्ता कितीही बेतशीर असला तरी आतले काचत असेल तर दुपारी तीननंतर कोणत्याच साक्षीदाराची उलटतपासणी धड होत नाही.

खालच्या कपड्यांना मात्र तयार माल उपयोगी ठरला. चुडीदार पहिल्यांदाच बाद झाला, कारण वाकून तो घोट्यापर्यंत चढवणे अशक्य होते आणि संध्याकाळी पाय सुजत. सलवारीची नाडी पोटाखाली बांधली तर बसल्यावर नेफा दुमडून कातडीला रुतत असे. गरोदरपणासाठी मिळणाऱ्या पँटमध्ये दोन प्रकार असतात: एकीत मऊ होजिअरीचा रुंद पट्टा संपूर्ण पोटावर येतो, दुसरीत तो पोटाखालून जातो. पोटावरचा पट्टा थंडीत आधार देतो आणि कमरेलाही बरे वाटते, पण नागपूरच्या एप्रिलमध्ये तो घामोळे देतो. मी पोटाखालचा निवडला. त्यातही, आत काजे असलेले इलास्टिक आणि बाजूला बटण अशी सोय ज्यांना होती, त्या काळ्या सैल पँटी सर्वांत उपयोगी पडल्या. महिन्यागणिक बटण एका काजातून पुढच्या काजात न्यायचे, एवढेच काम.

खंडपीठाच्या दिवसांसाठी साडीच बरी, असे माझ्या आईचे म्हणणे होते आणि ते बऱ्याच अंशी खरे ठरले. साडीला माप नसते. परकर मात्र बदलावा लागला: नाडीऐवजी रुंद, मऊ इलास्टिकचा परकर पोटाखाली घालायचा, निऱ्या थोड्या कमी करायच्या आणि पुढची बाजू बोटभर खाली ठेवून खोचायची, म्हणजे पोट वाढले तरी काठ जमिनीपासून वर चढत नाही. चार-पाच वेळा धुऊन मऊ झालेल्या, फिक्या राखाडी आणि मोतिया सुती साड्या मी यासाठी काढल्या. ब्लाउज पुढून हुकांचे आणि बगलेत भरपूर माया ठेवलेले शिवले. वरचा कोट जुना टेरिकॉटचा होता, तो बाजूला ठेवून सुती कापडाचा, अस्तर केवळ खांद्यांपुरते असलेला, पाठीला मध्यभागी कट दिलेला आणि पुढून उघडाच राहणारा कोट शिवून घेतला. त्यावर गाऊन चढवला की पोट तर झाकतेच, उकाडाही तितकाच वाढतो. म्हणून पुकारा जवळ येईपर्यंत गाऊन हातावरच ठेवत असे.

डोहाळजेवणाला हिरवी साडी हवी, यावर दोन्ही घरांचे एकमत होते. वाद होता तो साडीच्या वजनाचा. सासूबाईंनी पैठणी काढून ठेवली होती. झोपाळ्यावर बसायचे, फुलांचे दागिने अंगावर, भोवती ओटी भरणाऱ्या बायका आणि हवा एप्रिलची. त्यात ती जड पैठणी मला झेपणारी नव्हती. मी आपल्याच विदर्भातली करवतकाठी टसर सुचवली. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला तिचा काठ ठसठशीत असतो आणि अंग हलके असते, त्यामुळे सासूबाईंचा मान राहिला आणि माझा श्वासही. त्यांना ती इतकी आवडली की पुढच्या लग्नसराईत त्यांनी स्वतःसाठी तशीच घेतली.

खर्चाचे म्हणाल, तर एका नामांकित मॅटर्निटी ड्रेसच्या किमतीत कापडासह दोन कुर्ते शिवून झाले. वेळ मात्र अधिक गेला, आणि लग्नसराईत शिंप्याकडे कपडा टाकायचा तर चौथ्या महिन्यातच टाकावा लागतो, हे ज्यांना शिवून घ्यायचे आहे त्यांनी लक्षात ठेवावे. ज्यांच्याकडे भरवशाचा शिंपी नाही, त्यांना तयार कपड्यांतही छातीखाली शिवण असलेला सुती अनारकली निभावून नेतो. फक्त त्याची पुढची उंची बसून आणि उभे राहून, दोन्ही प्रकारे पाहावी.

बाळंतपणानंतर लपवलेल्या चेनचा उपयोग झाला आणि कोर्टात परतल्यावर, मुलीला घेऊन माझी आई बाररूममध्ये येत असे तेव्हा तर फारच झाला. पुढे मास्टरांनी कुर्त्यांच्या बाजूच्या चुण्या उसवून पुढची उंची मागच्याइतकी केली आणि घेर आत घेतला. तरीही माया कापू दिली नाही. त्यांपैकी दोन कुर्ते आता आमच्या चेंबरमधील ज्युनिअरकडे गेले आहेत. तिची तारीख डिसेंबर अखेरची असून तिला थंडीसाठी पूर्ण बाह्या हव्या आहेत, म्हणून उरलेल्या कॅम्ब्रिकमधून त्या जोडून देण्याचे काम काकूंनी हाती घेतले आहे.