तुम्ही विचारलंत म्हणून: बजेट एवढ्या कोटींचं, मग आमच्या रस्त्यालाच पैसे का नाहीत?

सकाळी जॉगिंग ट्रॅकवर तिसरी फेरी संपत आली की कुणी ना कुणी गाठतंच. "काका, नाशिक महापालिकेचं बजेट अडीच-तीन हजार कोटींचं म्हणे. मग आपल्या कॉलनीतल्या दोनशे मीटर रस्त्याला पैसे कसे नाहीत?" अंबडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं हिशेब लिहिले आणि निवृत्तीनंतर अंदाजपत्रकाचं पुस्तक वाचायचा नाद लागला, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. चालता चालता उत्तर द्यायला दम पुरत नाही. तेव्हा एकदा बसूनच लिहितो.

आधी माझी फजिती. काही वर्षांपूर्वी त्या पुस्तकात आमच्या रस्त्याचं नाव दिसलं. शेजारच्या रकान्यात १.००. एवढ्या मोठ्या पुस्तकात एक म्हणजे कोटीच असणार, असं मीच ठरवलं आणि अर्धा किलो पेढे आणून सोसायटीत वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पानं चाळताना वरच्या कोपऱ्यातली बारीक ओळ दिसली: 'रक्कम रुपये लाखात'. म्हणजे एक लाख. त्यात रस्त्याचं एक वळणसुद्धा झालं नसतं. याला टोकन तरतूद म्हणतात. लेखाशीर्ष, म्हणजे पुस्तकातली त्या कामाची ओळ, जिवंत राहावं, पुढे कुठून पैसे वळवता आले तर दार उघडं असावं, एवढ्यापुरती. तीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाची ही गत.

आता पैसा येतो कुठून ते बघा. पूर्वी विल्होळीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, ती जकात म्हणजे पालिकेची स्वतःची कमाई. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून राज्य सरकार दर महिन्याला भरपाई पाठवतं. ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते. जमेच्या बाजूचा सर्वांत मोठा आकडा हाच, आणि त्यावर पालिकेचा काडीचा ताबा नाही. हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं विकास शुल्क. विकास शुल्क बिल्डरांच्या तेजीमंदीवर हलतं. घरपट्टीला हात लावायची कुणाची छाती होत नाही. २०१८ मध्ये घरपट्टी ज्यावर मोजतात त्या करयोग्य मूल्याचे दर वाढवले तेव्हा गावभर काय गदारोळ उठला, ते आठवत असेलच. कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि खर्चाची चर्चा त्यानंतर रंगते. दर ठरवायच्या बैठकीला मी कुणाला उत्सुकतेनं गेलेलं पाहिलं नाही.

खर्चाची बाजू म्हणजे आपल्याकडच्या लग्नाची यादी. आयुक्त आपली यादी करून स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीत सोळा जण. ते चार नावं वाढवतात. मग ती महासभेत जाते, तिथे १२२ नगरसेवक; प्रत्येकाच्या प्रभागात एखादं समाजमंदिर, एखादी गटार राहिलेलीच असते. तुटीचं अंदाजपत्रक चालत नाही, म्हणून खर्च वाढला की जमेच्या बाजूलाही तेवढी वाढ दाखवावी लागते. ती बहुधा थकबाकीच्या वसुलीत दाखवतात, कारण थकबाकी भरपूर असते आणि वसूल होणार नाही हे मार्चमध्ये कुणी सिद्ध करू शकत नाही. पाहुणे वाढले, आचाऱ्याला सांगितलेली ताटं तेवढीच.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत प्रशासक राज होतं. तेव्हा यादी करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. पाहुणे वाढले नाहीत, खरं आहे. पण तक्रार घेऊन जायला घरचा माणूसही उरला नव्हता. मला विचाराल तर गोंधळ परवडला.

खरी गोम मात्र दायित्वात आहे. दहा कोटींचं काम यंदा दिलं तर सगळी बिलं यंदाच निघत नाहीत. निम्मी पुढच्या वर्षी, उरलेली त्याच्या पुढच्या. अशी मागच्या सगळ्या वर्षांची देणी साचतात, त्यांना दायित्व म्हणायचं. तीन हजार कोटींतून आधी पगार आणि पेन्शन काढा. मग पाणी उपसायचं आणि पथदिव्यांचं वीजबिल, घंटागाड्या, सिटीलिंक या पालिकेच्या बससेवेची तूट, कर्जाचे हप्ते. महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवलेले टक्के बाजूला ठेवा. सिंहस्थ कुंभमेळ्यातला पालिकेचा वाटा ठेवा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला त्याचं ध्वजारोहण आहे, तो खर्च कुणाला टळणार नाही. यानंतर दायित्व वजा करा. नव्या कामांना जे उरतं ते बघितल्यावर आपल्या दोनशे मीटरवरचा राग थोडा निवळतो. थोडाच.

म्हणून पुस्तक हातात आलं तर एकूण बेरजेचं पान सोडून द्या. आपल्या लेखाशीर्षाची ओळ काढून शेजारशेजारचे रकाने वाचा: मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती, यंदा मंजूर किती, सुधारित किती. मंजूर पाच कोटी, सुधारित दोन कोटी असं दिसलं, तर उरलेले तीन कोटी मधल्या काळात बहुधा दुसरीकडे वळले. पुनर्विनियोजन नावाच्या त्या वाटेवर कुणी ढोल वाजवत नाही.

आणि जायचं तर मार्चमध्ये नको. तोवर पानं छापून झालेली असतात. दिवाळीच्या आगेमागे विभागांकडून मागण्या मागवतात, त्याआधी विभागीय कार्यालयात जा. प्राकलन, म्हणजे मोजमाप करून काढलेला खर्चाचा अंदाज, नसलेल्या कामाचं नाव यादीत घालायला कुणी बसलेलं नसतं, आणि प्राकलन करतो तो तिथला अभियंता. पेढ्यांच्या प्रकरणानंतरच्या ऑक्टोबरात आम्ही तिघं अर्ज घेऊन गेलो. पाचव्या खेपेला साहेब टेप घेऊन आले. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांच्या माणसानं. कडेच्या गटारीसकट मोजमाप झालं, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं ते समोरच्या आजींनी काठीनं दाखवलं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं.

रस्ता झाला. अर्थात लगेच नाही, त्यानंतर दोन पावसाळे गेले. यंदाच्या पुस्तकात त्याचं नाव तरतुदीच्या रकान्यात नाही, दायित्वात आहे. शेवटचं बिल अजून द्यायचंय. तेव्हा नवीन कामांना पैसे का नाहीत असं कुणी विचारलं की त्या ओळीवर बोट ठेवताना मला जरा अवघडल्यासारखं होतं.