एवढं कौतुक झालं, मग चालला का नाही?

माझ्याकडचा पहिला एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचं गेमचं मशीन) अजून चालू आहे हे कळलं की ओळखीतली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. ‘जेट सेट रेडिओ फ्यूचर’ या त्यावरच्या गेमला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, खेळलेली माणसं आजही त्याचं नाव काढतात, मग बाजारात तो पडला कसा? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून लिहितो.

गेम आला फेब्रुवारी २००२ मध्ये. सेगा या जपानी गेम कंपनीच्या स्माइलबिट या टीमने केलेला. गोष्ट २०२४ सालच्या टोकियोत घडते. रोक्काकू नावाच्या कंपनीने अख्खं शहर खिशात घातलंय आणि पायात स्केट्स बांधलेली पोरं भिंती रंगवून तिला नडतात. चित्रं जाड काळ्या रेघांची, हाताने रंगवल्यासारखी, आणि संगीतात हिदेकी नागानुमा. या दोन गोष्टींवर तेव्हाही वाद नव्हता. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर त्याची सरासरी शंभरात ८८ आहे, म्हणजे समीक्षकांनी नाकारला वगैरे अजिबात नाही.

वाद होता तो त्याच्या थोरल्या भावाशी. सेगाच्याच ड्रीमकास्ट या मशीनवरचा २०००चा ‘जेट सेट रेडिओ’, सरासरी ९४. त्यात डोक्यावर घड्याळ, म्हणजे ठरावीक वेळेत काम संपवायचं, आणि मागे पोलीस. मोठं चित्र काढायचं तर भिंतीपाशी थांबून, स्क्रीनवर बाण दाखवतील तशी अंगठ्याने कंट्रोलरवरची काडी फिरवायची. पोलीस जवळ येतायत, चित्र अर्धंच झालंय, हात घामेजलाय. फ्यूचरमध्ये यातलं बरंच गेलं. कथेतली घड्याळाची टांगती तलवार काढली, पोलीस ठरावीक जागीच येऊ लागले आणि रंगवणं म्हणजे जाता जाता एक बटण दाबणं झालं. काही समीक्षकांनी आणि जुन्या खेळाडूंनी तक्रार केली की गेम फार सोपा झाला, शिवाय पुढे नेमकं कुठे जायचं ते उमगत नाही. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. अंगठ्याने चित्र ‘काढण्याची’ ती कारागिरी गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

पण घड्याळ काढलं ते उत्तम केलं, यावर मी ठाम आहे. गेममधली रोक्काकू-दाई हाइट्स नावाची वस्ती घ्या. खोल्यांवर खोल्या चढलेल्या, मधून तारा गेलेल्या. पहिल्यांदा गेलात की नुसती गर्दी दिसते. मग एका तारेवर उडी मारता, पाय आपोआप चिकटतात, ठिणग्या उडतात. तारेवर असताना आलटून पालटून दोन बटणं दाबली की कसरती होतात आणि वेग वाढतो. तार संपते तिथे उडी, खाली पत्रा, पत्र्याच्या कडेला पुढचा कठडा. दहाव्या फेरीला लक्षात येतं की या वस्तीत एकही तार उगाच ताणलेली नाही, आणि तुम्ही जमिनीला पाय न लावता तिला वळसा घालू शकता. डोक्यावर घड्याळ असतं तर मी ही दहावी फेरी मारलीच नसती. परीक्षण लिहिणाऱ्याला मुदतीत गेम संपवून पुढच्याकडे वळायचं असतं. त्याचा दोष नाही, पण रेंगाळणाऱ्यालाच जे सापडतं ते त्याच्या आकड्यात कसं उतरणार?

सगळं गोड आहे असंही नाही. सांडपाण्याच्या केंद्राची लेव्हल खरोखर वाईट आहे. एक उडी चुकली की पाण्यात, की पुन्हा खालून चढा. तिथे गेम सोडून दिलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही.

आता विक्रीचं. आम्ही चार मराठी मुलं तेव्हा डॅलसजवळ एका अपार्टमेंटमध्ये राहून एम.एस. करत होतो. वर्गणी काढून एक्सबॉक्स घेतला तो ‘हेलो’ या गोळीबाराच्या गेमसाठी. त्या काळात तो घेणाऱ्या बहुतेकांचा ओढा बंदुकीच्या गेम्सकडेच होता. खोक्यात एक डिस्क आयती आली. एकाच डिस्कवर ‘सेगा जीटी २००२’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आणि हा. २००२च्या सुट्ट्यांच्या हंगामात मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत अशी जोडी मशीनसोबत दिली होती. म्हणजे ज्यांच्या हाती तो पोचला त्यातल्या कित्येकांनी त्यासाठी वेगळा पैसा मोजलाच नाही. ज्या जपानला तो स्टाइलने जवळचा वाटला असता, तिथे एक्सबॉक्सच फारसा खपला नाही. माझ्या मते गेम लोकांना आवडला नाही असं झालंच नाही; तो ज्यांना आवडला असता त्यांच्या घरी ते मशीन नव्हतं, आणि ज्यांच्या घरी होतं त्यांनी तो मागितला नव्हता.

आम्हीही मागितला नव्हता. डिसेंबरच्या एका रात्री हेलो खेळून हात दुखले म्हणून रूममेटने ती डिस्क घातली. गाणं सुरू झालं आणि स्वयंपाकघरातला बाहेर आला. पहाटे साडेचारला आम्ही चौघं पाळीपाळीने शिबुया टर्मिनलमध्ये घसरत होतो, आणि कुकरमधला भात तसाच राहिला होता.

पुढे स्माइलबिट सेगात विरघळली. पहिला गेम २०१२ मध्ये नव्या मशीन्सवर आला; फ्यूचर मात्र कधीच परत आला नाही. एक्सबॉक्स ३६० या पुढच्या मशीनवर तो चालतो, पण अडखळत, आणि त्यानंतरच्या मशीन्सवर चालतच नाही. २०२३ मध्ये टीम रेप्टाइल या डच स्टुडिओने ‘बॉम्ब रश सायबरफंक’ काढला. फ्यूचरवरचं प्रेम त्यात पावलोपावली दिसतं, आणि नागानुमाची गाणीही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात सेगाने नवा जेट सेट रेडिओ करत असल्याचं जाहीर केलं. तोवर खेळायचंच असेल तर माझ्याकडे या. डिस्कवर ओरखडे आहेत, शिबुयाच्या लोडिंगला थोडा वेळ लागतो, पण अजून सुरू होते.