चाई, बिब्बा आणि परत आलेले केस

2023 च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात वेणी घालताना माझे बोट डाव्या कानामागे केसांऐवजी थेट कातडीवर टेकले. पाच रुपयांच्या नाण्याएवढी ती जागा अगदी गुळगुळीत होती. तिथे खाज नव्हती, कोंडा नव्हता आणि दुखत तर मुळीच नव्हते. खरे म्हणजे त्याआधीच घरात एक खूण दिसत होती, पण ती कोणी वाचली नव्हती. फणीतला गुंता साठवण्यासाठी सासूबाईंनी खुंटीला टांगलेली पिशवी, जी एरवी भरायला वर्ष लागते, ती त्या उन्हाळ्यात दोन महिन्यांतच भरली होती. केसांवर भांडी देणाऱ्या बाईकडून त्या वर्षी आमच्याकडे एक पातेले आले, ते अजून वापरात आहे.

मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. केस दाखवल्यावर सासूबाई क्षणभर पाहून म्हणाल्या, “चाई लागली बघ माय. केस गळायलेत तुझे.” त्यांचे निदान बरोबर होते, चूक उपायात झाली. चाई म्हणजे केस खाणारा किडा, आणि किडा जाळल्याशिवाय मरत नाही, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत आहे. गल्लीतल्या एका जाणत्या आजींनी आधी गुंज उगाळून लावली आणि त्याने काही होत नाही असे पाहून बिब्बा तापवून त्याचे तेल सुईने त्या जागेवर टोचले. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. डोक्यावर फोड आले, डावा डोळा सुजून बंद झाला आणि आठ दिवस रजा काढावी लागली. आजींना मी दोष देत नाही, त्यांनी एक पैसाही घेतला नव्हता. पुढे शहरातील एका क्लिनिकने तीच जागा पाहून केशरोपणाचे पॅकेज सुचवले आणि निम्मी रक्कम लगेच भरण्याचा आग्रह धरला, तेव्हा मला आजी बऱ्या वाटल्या. रोग चालू असताना रोपलेले केसही गळू शकतात, हे तिथे मला कोणी सांगितले नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील त्वचारोग विभागात मी ऑगस्टमध्ये गेले. डॉक्टरांनी डोक्याच्या आधी माझी नखे पाहिली, याचे मला नवल वाटले. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे होते आणि ते या आजारात आढळतात. मग भिंगाच्या यंत्रातून चट्ट्याच्या कडेचे आखूड केस त्यांनी मला पडद्यावर दाखवले. हे केस मुळाशी बारीक आणि वर जाड असल्यामुळे त्यांना उद्गारचिन्हासारखे केस म्हणतात. मुलांना विरामचिन्हे शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यावर ती उगवावीत, याचे त्याही स्थितीत मला हसू आले.

त्यांनी समजावले ते असे. या आजाराचे नाव अलोपेशिया एरियाटा आहे आणि त्यात किडा किंवा बुरशी नसते, तर शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशीच केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्याभोवती गोळा होतात. शंभरातील साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. तो संसर्गजन्य नाही. थायरॉइडचे विकार अशा रुग्णांत अधिक आढळतात, म्हणून रक्ताची ती तपासणी झाली. माझा अहवाल ठीक आला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली, ती अशी की या आजारात मूळ मरत नाही, नुसते थांबते, त्यामुळे वर्षे उलटल्यावरही केस परत येऊ शकतात. मात्र भाजून व्रण पडला, तर त्या जागेचे मूळच नष्ट होते. हे ऐकताना माझा हात आपोआप कानामागे गेला. रोगाने जे केले नव्हते, ते आम्ही घरी करून बसलो होतो.

तोवर डोक्यावर आणखी चट्टे पडले होते. उपचार म्हणून ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने सुरू झाली. इन्सुलिनच्या सुईसारख्या बारीक सुईने चट्ट्यावर सुमारे एक-एक सेंटिमीटर अंतर सोडून औषधाचा थेंब कातडीत सोडतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी हे पुन्हा करावे लागते. एका बैठकीत वीस-पंचवीस टोचण्या होत. डोक्यापेक्षा कपाळाच्या कडेला जास्त दुखते, हे कोणी आधी सांगत नाही. औषध जास्त झाले तर कातडी खोलगट होते, म्हणून डॉक्टर मात्रा बेताने ठेवत. दिवाळीनंतर चट्ट्यांवर मऊ पांढरी लव आली आणि 2024 च्या मार्चपर्यंत ती काळी झाली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सगळे पुन्हा गेले, आणि या वेळी चट्टे एकमेकांना मिळत गेले. मानेवरच्या केसांच्या रेषेपासून दोन्ही कानांपर्यंत पट्टा मोकळा झाला, डावी भुवई गेली आणि निम्म्याहून अधिक डोके उघडे पडले. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी एकीने गजरा पुढे केला आणि माझ्या पदराखाली काय आहे हे लक्षात येताच तो माझ्या हातात ठेवला. तिने काही वाईट केले नव्हते, तरी तो प्रसंग मला विसरता येत नाही. शाळेतली मुले त्या मानाने सरळ होती. तिसरीतल्या एका मुलाने विचारले, “मॅडम, तुमचे केस परत येणार का?” मी “माहीत नाही” म्हणाले, तर तो “बरं” म्हणून गणित सोडवायला बसला. असे उत्तर मोठ्या माणसांना पचत नाही. त्यांना कारण हवे असते: पाणी, शांपू, ताण, कोणाची नजर.

मी विगही आणला, पण आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या उन्हात विगखाली डोके अक्षरशः उकडते. त्याच दिवसांत आमच्याकडची प्रत्येक बाई स्कूटीवर डोके-तोंड स्कार्फने गुंडाळून फिरते, त्यामुळे कोणी माझ्याकडे वळून पाहत नाही. ज्या उन्हाळ्याला आम्ही सगळे शिव्या देतो, तो मला सर्वांत सोयीचा ऋतू ठरला.

डिसेंबर 2024 मध्ये टोफासिटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. हे मूळचे संधिवातावरचे औषध असून ते पांढऱ्या पेशींना चेतवणारे संदेश अडवते. याच गटातील बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून 2022 मध्ये तीव्र अलोपेशिया एरियाटासाठी मान्यता मिळाली. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते आणि शरीरात लपलेला क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे, क्षयरोगाची व काविळीची तपासणी आणि चरबीचे प्रमाण हे सारे पाहिले गेले. औषध बंद केल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात, हेही डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले.

गोळ्यांना महिना झाला नाही, तोच जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून माणसांचे केस चार-आठ दिवसांत मुठीने गळत असल्याच्या बातम्या आल्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवले. आमच्या गल्लीला अखेर कारण मिळाले. दोन घरांनी मला रेशनचा गहू बंद करायला सांगितले आणि एकीने मुलीला माझ्याकडे शिकवणीला पाठवणे थांबवले. तिकडची गळती बाहेरून शरीरात गेलेल्या द्रव्याची आणि माझी आतल्या गैरसमजाची, हे मी सहा-सात वेळा समजावले आणि मग सोडून दिले.

त्या काळात मी दिवसातून दहा वेळा आरशापुढे जाई. मूळ जिवंत आहे हे कळणे जितके सुखाचे, तितकेच ते छळणारे असते, कारण आशा सोडून मोकळे होण्याची सोयच राहत नाही. डॉक्टरांनी आरसा कमी करायला सांगितले: महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढायचा आणि मागच्या फोटोशीच तुलना करायची. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, ते रोज पाहून काय दिसणार? मार्चच्या फोटोत भुवईत पांढरी लव दिसली, मे महिन्यात डोक्यावर. शाळा उघडली तेव्हा मी स्कार्फ न बांधता गेले. केस अगदी आखूड होते आणि त्यात काळ्यापेक्षा पांढरे जास्त होते.

आता केस खांद्यापर्यंत आले आहेत. गोळ्यांची मात्रा हळूहळू कमी केली जात आहे आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. डाव्या कानामागे, जिथे बिब्बा उतला होता, तिथे वाटाण्याएवढी जागा तशीच चकचकीत आहे. भिंगातून पाहिले तर तिथे केसांची छिद्रेच दिसत नाहीत. रविवारी तेल लावताना सासूबाईंचे बोट तिथे आले की त्या क्षणभर थांबतात, वरचे केस ओढून ती जागा झाकतात आणि मग वेणी घालतात.