सात सुतांचा हिशोब

पिशवीत २४० रंगीत त्रिकोण होते, तितकेच पांढरे, आणि सगळ्यात वर शिवून पाहिलेली एक चांदणी. तिच्या काही टोकांचे शेंडे शिवणीत गडप झाले होते, तर काही जोडापासून लांबच राहिले होते. "मशीन बिघडलंय बहुतेक," त्या बाई म्हणाल्या. मशीन बिघडलं असतं तर बरंच झालं असतं, ते दुरुस्त तरी होतं. मी एक रंगीत त्रिकोण टेबलावर ठेवून पट्टी लावली. सरळ बाजू साडेतीन इंच. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

पॅचवर्कच्या गोधड्यांची कटिंगची मापं काढणं हे माझं काम. शिवायला मी क्वचितच बसते. दिवसाचा बराच वेळ कागदावर चौकोन आखण्यात आणि कापडाच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, कोणता तुकडा कुठे बसेल हे शोधण्यात जातो.

बाईंच्या हातात एक छापील तक्ता होता. त्यात '३ इंची चौकोन, ३ इंची त्रिकोण' एवढंच लिहिलेलं. ते माप शिवून झाल्यावरचं की कापायचं, याबद्दल अवाक्षर नाही. असे तक्ते छापणाऱ्यांना एकदा तरी त्याच तक्त्यावरून कापड कापायला बसवावं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. बाईंना चौकोनाचा नियम ठाऊक होता: शिलाईला दोन्हीकडून पाव-पाव इंच, म्हणून तयार मापात अर्धा इंच मिळवायचा. तोच नियम त्यांनी त्रिकोणालाही लावला. साडेतीनचे चौकोन कापले आणि कर्णावर दुभागले.

त्रिकोणाचं गणित वेगळं असतं. आम्ही सुतात मोजतो, आठ सूत म्हणजे एक इंच. मार्जिन, म्हणजे शिलाईला सोडायचं कापड, दोन सूत. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याला दोन सूत पुरतात, म्हणून एका बाजूला एकूण चार. त्रिकोणाच्या काटकोनाकडेही दोनच लागतात. पण निमुळत्या टोकाकडे तेच मार्जिन लांब पसरतं आणि ४.८३ सूत खातं. बेरीज ६.८३, म्हणून आपण सरसकट सात सूत धरतो. तीन इंची त्रिकोणासाठी चौकोन हवा होता तीन इंच सात सुतांचा. इथे प्रत्येक तुकडा तीन सुतांनी कमी, आणि रंगीत कापड संपलेलं. पांढऱ्याचा दीड मीटरचा एक अखंड तुकडा तेवढा शिल्लक होता.

मग हिशोब उलटा फिरवला. तयार माप बाजूला ठेवलं आणि या तुकड्यांतून काय निघतं ते पाहिलं. साडेतीनमधून सात सूत गेले की राहतात दोन इंच पाच सूत. चांदणीच्या एका बाजूला अशी चार घरं, म्हणजे ब्लॉक (एका चांदणीचा पूर्ण चौकोन) साडेदहा इंची. कागदावर हे फार देखणं दिसत होतं. पण त्यात छाटायला जवळपास काहीच उरत नव्हतं, सुताचा जेमतेम सहावा हिस्सा. शिवाय त्रिकोणाची तिरकी बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी कापलेली, सहज ताणली जाणारी. ते सगळे सुटे कापलेले, पिशवीत कोंबून आणलेले, हाताळून हाताळून ताणलेले. अशा कापडाकडून सुताच्या सहाव्या हिश्श्याची अपेक्षा धरणं वेडेपणाचं. म्हणून प्रत्येक जोडी शिवून, इस्त्री करून तीन इंचांवर छाटायची, तयार घर अडीच इंचांचं धरायचं आणि ब्लॉक १० इंची करायचा, असं ठरलं. आता छाटायला सुताहून थोडं जास्त मिळत होतं. बरोबर मापाने कापलेले कोपऱ्याचे साडेतीनचे चौकोनही तीनवर आणायचे, चांदणीच्या मधला साडेसहाचा चौकोन साडेपाचवर.

आता खरी अडचण. १२ इंची ३० चांदण्या, पाच बाय सहा, म्हणजे ६० बाय ७२ ची गोधडी ठरली होती. १० इंची ब्लॉकने ती ५० बाय ६० झाली. आमच्याकडच्या शिंपी मास्तरांनी पान न उलटता सांगितलं, "ताई, बाजूंना पाच आणि वर-खाली सहा इंची पांढरी पट्टी लावा, विषय संपला." हिशोब चोख होता. कापडही पूर्ण पन्ह्याचं, फक्त ३६ इंच लांबीचं लागलं असतं. पण चांदण्या मधे दाटीवाटीने आणि भोवती रुंद पांढरी चौकट, हे मला बघवेना. बाईंना तर चांदण्या काठापर्यंत हव्या होत्या.

मी ब्लॉक कोनावर उभा करून पाहिला. १० गुणिले १.४१४, म्हणजे एक ब्लॉक आडवा १४.१४ इंच. रुंदीला चार, लांबीला पाच: साधारण साडेछप्पन्न बाय पावणेएकाहत्तर. भोवती पावणेदोन इंचांची बारीक पट्टी लावली की ६० बाय ७४. चांदण्यांची टोकंही एकमेकांना भिडलेलीच राहतात. मात्र या मांडणीत २० आणि मधल्या खाचांत १२, असे ३२ ब्लॉक लागतात. आमच्याकडे ३०. दोन जागी पांढरे कोरे चौकोन लावणं भाग होतं.

काठाला येणारे त्रिकोण १४. त्यांची लांब बाजू बाहेर येते, म्हणून तीच सरळ धाग्यावर हवी. उरेब बाजू बाहेर आली की गोधडीचा काठ पापडासारखा वेडावाकडा होतो. म्हणून मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापायचा, एकातून चार त्रिकोण. माप १४.१४ अधिक सव्वा, वर सरकवून साडेपंधरा. असे चार चौकोन. कोपऱ्यांच्या चार त्रिकोणांत मात्र सरळ धागा काटकोनाच्या बाजूंना हवा, म्हणून ते एकाच कर्णावर: १० भागिले १.४१४ अधिक सात सूत, म्हणजे आठ इंची चौकोन दोन. वापरता येण्याजोगा पन्हा ४२ चा. त्यात साडेपंधराचे दोन बसले की शेजारी ११ इंच उरतात. साडेदहाचे दोन्ही कोरे चौकोन एकाखाली एक त्याच पट्ट्यात बसले आणि खाली आठचा एक. दुसरा आठचा पुढच्या आडव्या पट्ट्यातून काढला, काठासाठी सव्वादोनच्या सात पट्ट्या त्याखालून. दीड मीटरपैकी जेमतेम चार इंच वाचले. हे जमलं तेव्हा मी मास्तरांना मुद्दाम हाक मारून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि कातरी घसरली तर?"

बाईंना दोन्ही आराखडे दाखवले. त्यांनी तिरका निवडला. पण तिरका आराखडा मी रंगवला होता, अगदी प्रत्येक चांदणीला कापडाचा खरा रंग देऊन. मास्तरांच्या पट्टीचा होता नुसता पेन्सिलीचा. निवड त्यांची होती, असं मी स्वतःला सांगते. मास्तर म्हणतात, दोन्ही रंगवले असते तर पट्टीवाला घेतला असता आणि निम्म्या वेळात सुटलो असतो.

कोरे चौकोन आम्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांजवळ टाकले. गोधडी न्यायला आल्यावर बाईंनी ती पसरली, कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे मुद्दाम ठेवलेत ना?" मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत मास्तर म्हणून गेले, "हो, तर!" बाई खूश झाल्या. त्या गेल्यावर मी मास्तरांशी भांडले. त्यांचं म्हणणं, मुद्दामच तर ठेवले होते, खोटं काय बोललो?