गॅलरीतले पक्षी : मार्च-एप्रिलच्या नोंदी

मंडळी, या वेळच्या सगळ्या नोंदी एकाच जागेवरच्या आहेत. पुण्यात सहकारनगरला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक उंबर दिसतो, कुंपणालगतचा शेवगा दिसतो आणि मधलं आकाश. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. घर नक्की कधी सोडायचं, भाड्याची जागा कुठे मिळेल, सासूबाईंना जिने झेपतील का, काहीच ठरत नाही. मीटिंग झाली की तारीख पुढे जाते. या गडबडीत भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) यंदा बघायचे राहूनच गेले. तरी इतका भरभरून हंगाम मी आजवर अनुभवला नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय रोज दिसणाऱ्या साध्या पक्ष्यांना आहे.

पहिला मान तांबटाचा. शेवग्याच्या एका वाळक्या फांदीत जोडीनं ढोली कोरली. फांदी मनगटाएवढीच जाड, आणि तोंड खालच्या बाजूला, म्हणजे पाऊस आत जायला नको. नर-मादी आळीपाळीनं कोरत होते. एक आत डोकं घालून भुसा काढायचा, दुसरा जवळच्या डहाळीवर थांबायचा. शेवगा, पांगारा अशी मऊ लाकडाची झाडं त्यांना आवडतात, हे वाचून माहीत होतं; चोचीतून भुसा उडताना पाहिल्यावर ते पटलं. दुर्बिणीतून एक गोष्ट जरूर बघा : ‘टुक टुक’ करताना चोच मिटलेली असते आणि गळ्याची कातडी फुगते. दर ठोक्याला मान थोडी वळते, म्हणून आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. ऊन चढलं की त्याची ठोकठोक वाढते.

सासूबाईंना आता लांबचं नीट दिसत नाही, पण कान तयार आहेत. चहा घेताना त्या विचारतात, “अगं, आज तुझा तांबट उठला नाही का?” मग मी उंबरावर शोधते. बहुतेक वेळा तो पिकलेल्या उंबरांच्या घोसात असतो, लाल कपाळ तेवढं बाहेर. “आहे हो आई, खातोय,” असं सांगितलं की त्या समाधानानं कप खाली ठेवतात. घरात त्या वेळी कराराची, भाड्याची भाषा कुणी काढत नाही. दिवसातली ही पंधरा-वीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

दुसरी मोठी नोंद शिंजीराची (सनबर्ड). कुंडी टांगायच्या रिकाम्या आकड्याला मादीनं घरटं बांधलं. बांधणारी एकटी तीच. नर किरमिजी पाठ नि हिरवं कपाळ मिरवत आसपास असायचा. खिडकीच्या गजांतलं कोळ्याचं जाळं ती चोचीला गुंडाळून न्यायची, आणि त्यात सालीचे तुकडे, वाळकी पानं चिकटवायची. बाहेरून बघणाऱ्याला कचरा लटकतोय असंच वाटावं. बाजूला तोंड, त्यावर छोटंसं छज्ज्यासारखं झाकण. मी गजांतली जाळी झाडायची बंद केली, दोरीवरचे कपडे आत वाळत घातले. पिल्लं झाल्यावर नरही भरवायला यायला लागला. फोटो मुद्दाम काढलेले नाहीत. घरट्याजवळ मोबाइल नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पडद्याआडून जे दिसलं ते वहीत आहे, आणि पिल्लं उडून गेली आहेत.

बाकी थोडक्यात. भोरड्या (गुलाबी मैना) मार्चमध्ये संध्याकाळी थव्यानं जाताना दिसत होत्या, एप्रिलच्या मध्यानंतर नाहीत. करडा धोबी गच्चीवरच्या टाकीपाशी शेपटी हलवत फिरायचा, तोही गेला. दयाळ पहाटे गातोय. राखी धनेश उंबरावर एकदाच आला, पण काय दिमाखात! कोकिळेबद्दल लिहायला नको, सगळ्यांची झोप तिच्या नरानंच मोडली असेल.

नोंदीची पद्धत अशी : सकाळी एकाच खुर्चीत किमान पंधरा मिनिटं बसायचं, दिसलेले आणि नुसते ऐकू आलेले पक्षी वेगळे लिहायचे, मग ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. आवाज ओळखायला मर्लिन ॲप मदतीला असतं, पण पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय किंवा आवाजाची स्वतःला खात्री पटल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. जाती फार वाढल्या नाहीत. पण कोण काय खातं, कुठे बसतं, कुणाला हुसकावतं, याचे रकाने भरून गेलेत. उंबराची पानगळ, फळं कधी लागली, हेही तिथेच लिहिते. झाड राहील की नाही ते ठाऊक नाही, म्हणून ते आता जास्तच नीट लिहिते.

आता पावशाच्या ‘पेर्ते व्हा’कडे कान लागलेत, तळजई टेकडीच्या बाजूनं हाक आली की तारीख कळवते. तुमच्याकडे तांबटानं कुठल्या झाडात ढोली केली आणि तोंड कुठल्या दिशेला ठेवलं, ते मात्र नक्की लिहा. नवीन जागा शोधताना खिडकीसमोर काय असावं, याची माझी यादी त्यावरून करायची आहे.